टेकडीवरचे बारा रविवार

१ डिसेंबर २०२४ ला, कार्तिक अमावास्येच्या सकाळी, माझी बारावी नोंद लिहून झाली. सप्टेंबरच्या मध्यापासून दर रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायचं, ठरवलेली पाच झाडं बघायची, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि लिहून ठेवायचं, एवढंच काम होतं. पण सुरुवातीला मला त्याचं इतकं दडपण आलेलं की दोनदा सोडून देणार होते. तेव्हा कुणाचं असं मराठीत लिहिलेलं शोधत होते, म्हणून आता मीच सगळं क्रमाने लिहून काढतेय.

मी पंधरा वर्षं गोखलेनगरच्या बाजूने टेकडी चढतेय. चढायचं, वेताळबाबाच्या देवळात हात जोडायचे, उतरायचं आणि डबे करायला घरी. आमच्या सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) पूर्वी बरोबर असायच्या, पण दोन वर्षांपासून गुडघ्यांमुळे त्यांचं वर येणं बंद झालंय. ऑगस्टमध्ये एकदा मी घरी आले तर त्यांनी विचारलं, "कळलावी फुलली का गं वर?" आणि मला सांगता येईना. कळलावी म्हणजे कुठली तेच माहीत नव्हतं. रोज जाऊन आपण नक्की काय बघतो असा प्रश्न पडला आणि तो डोक्यातून जाईना.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सीझनवॉचबद्दल सांगितलं. हा भारतभर चालणारा उपक्रम आहे, शाळेतली मुलं आणि आपल्यासारखी माणसं त्यात एखादं झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची अवस्था नोंदवतात. नोंदणी फुकट असते. झाडाची जागा नकाशावर दाखवायची आणि मग दर वेळी पानं, फुलं, फळं यांचं विचारतात: कोवळी पानं, जून पानं, वाळत चाललेली पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकासमोर फक्त तीन पर्याय, नाही, थोडं किंवा भरपूर. मोजत बसावं लागत नाही. पक्ष्यांसाठी ई-बर्डवर, म्हणजे पक्षी बघणारे आपल्या याद्या पाठवतात त्या संकेतस्थळावर, वेगळं खातं काढलं, ते पण फुकट. दोन्हीचे पासवर्ड, ईमेलवर येणारी खात्रीची लिंक, लोकेशनची परवानगी ह्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, मुलगा शेजारी बसून सांगत होता तरीसुद्धा. एक सांगते, झाडाची जागा घरी बसून नकाशावर अंदाजाने टाकू नका, झाडाखाली उभं राहून टाका. माझा बहावा पहिल्यांदा टेकडीवरच्या खाणीच्या पाण्यात पडला होता.

पाच झाडं अशी निवडली: बहावा, चिंच, सावर, आपटा आणि पायथ्याच्या रस्त्याकडेची सातवीण. बहावा आणि चिंच सीझनवॉचच्या ॲपवर, बाकीची तीन त्याच रकान्यांची वही आखून त्यात, कारण पाचही झाडं फोनवर भरणं मला सुरुवातीला झेपलं नसतं. निवडताना एवढंच बघितलं की रोजच्या वाटेवरची असावीत, वाकडी वाट करावी लागली की तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद होतं.

पहिला रविवार १५ सप्टेंबर. साडेसहाला वर पोचले. सगळीकडे कमरेएवढं हिरवं गवत, कडेने तेरडा, खाण पाण्याने भरलेली आणि मी हातात वही घेऊन उभी. इतकं सगळं होतं की कशाकडे बघावं कळेना. पक्ष्यांच्या यादीत पहिल्या दिवशी सहा नावं आली, कावळा, साळुंकी, बुलबुल, पोपट, मोर, खंड्या. बाकी जे होते ते सगळे "छोटा, मातकट" असे. घरी येऊन रडायला आलं नाही पण उगाच ह्या भानगडीत पडलो असं नक्की वाटलं.

दुसरी गोष्ट अशी झाली की मी फक्त जे होतं तेच लिहीत होते. बहाव्याला फुलं नाहीत तर तो रकाना कोराच सोडला. आईंना संध्याकाळी वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि काय नव्हतं ते पण सांग की. सातविणीला कळी होती का नव्हती?" मी म्हटलं, लिहिलं नाही. "मग मी काय समजू?" खरं होतं त्यांचं. कोऱ्या रकान्याचा अर्थ फूल नव्हतं असाही होतो आणि मी बघितलंच नाही असाही होतो. त्या दिवसापासून प्रत्येक रकान्यात "नाही" असेल तर "नाही" लिहायला लागले. ई-बर्ड पण यादी पाठवताना विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी ह्यात आहेत का, त्याचं कारण हेच, म्हणजे जो पक्षी यादीत नाही तो तेव्हा तिथे आढळला नाही असं धरता येतं. तिथे "हो" म्हणायचं असेल तर कावळा, पारवासुद्धा गाळायचा नाही.

२२ सप्टेंबरला पितृपक्ष सुरू होता, आईंनी मुद्दाम कावळे मोजायला सांगितले. चौदा. त्याच दिवशी सातभाईंचा एक थवा काटेरी झुडपात कलकलाट करत होता आणि त्यांच्यामध्ये एक वेगळंच, लांब शेपटीचं, डोक्यावर छोटा तुरा असलेलं मळकट पिल्लू चोच वासून बसलेलं, आणि सातभाई त्याला भरवत होते. मी वीस मिनिटं तिथेच उभी. रोज फिरायला येणारे एक काका थांबले आणि म्हणाले, "ताई, ते चातकाचं पोर आहे. आईबाप ह्यांच्या घरट्यात अंडं टाकून मोकळे होतात." चातक पावसाच्या तोंडावर येतो हे माहीत होतं, पण इथे सातभाईंकडून पिल्लं वाढवून घेतो हे माझ्या डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. पावसाळा संपला की मोठे चातक आधी निघून जातात, त्या वर्षीची पिल्लं मागे राहतात आणि मग कुणी वाट न दाखवता आपापली जातात. पुढचे दोन रविवार ते पिल्लू होतं. तिसऱ्या आठवड्यात नव्हतं. वहीत "चातक: नाही" असं लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात एक चूक पण झाली. आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप फोनवर घेतलं होतं, त्याने एक नाव सुचवलं आणि मी तसंच यादीत टाकलं. ई-बर्डने लगेच विचारलं की हा पक्षी इथे ह्या दिवसांत सहसा दिसत नाही, तपशील लिहा. मी लिहिलं "आवाज आला". आठवड्याने यादी तपासणाऱ्या एका स्वयंसेवकाची ईमेल आली, अगदी नम्र, पक्षी बघितला का, कसा दिसत होता, फोटो आहे का. मी बघितलाच नव्हता. यादीतून काढून टाकला, त्यांना कळवलं, विषय संपला. त्या ईमेलने घाबरून जाऊ नका, कुणी रागवत नाही. आवाजाचं ॲप कुठे बघायचं ते कळायला चांगलं आहे, पण नोंद आपण स्वतः ओळखलं तरच करायची.

२५ आणि २६ सप्टेंबरला पुण्यात काय पाऊस झाला ते इथल्या लोकांना आठवत असेल, रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या. २९ तारखेला वर गेले तर वाट निसरडी, दोनदा घसरले, एक काठी हवीच होती. पण त्या दिवशी ऊन पडल्यावर खाणीवर चतुर इतके उडत होते की हवाच हलतेय असं वाटत होतं. पिवळसर सोनेरी, कुठेही न बसणारे. पावसाळ्यानंतर हे चतुर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात असं अभ्यासकांचं म्हणणं आहे, बोटाएवढा किडा आणि मध्ये अख्खा अरबी समुद्र. करडा धोबी पण त्याच दिवशी दिसला, पाण्याच्या काठाने शेपटी वरखाली करत चाललेला. हिमालयाकडून आलेला पाहुणा, एकटाच. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "धोबी आला म्हणजे पाऊस जायला लागला."

आपट्याची गोष्ट आता सांगते. माझा आपटा काही फार मोठा नाही, दीड पुरुष उंच, वाटेला लागून. काका म्हणाले, "हे झाड निवडलंत का? दसऱ्याला ह्याचं काही खरं नसतं." मी म्हटलं एखादा फलक लावता येईल का, निदान फांद्या तोडू नका एवढं लिहिलेला. म्हणून ३० सप्टेंबरला अर्ध्या दिवसाची रजा टाकून एका कार्यालयात गेले. तिथे कळलं की टेकडीचा तो भाग त्यांच्याकडे येत नाही. टेकडीवरच्या जागा वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत, आपलं झाड कुणाच्या हद्दीत आहे ते आधी शोधावं लागतं, आणि ते सांगणारं माणूस पहिल्या टेबलवर मिळत नाही. १ ऑक्टोबरला दुसऱ्या कार्यालयात गेले, दीड तास बसले, तिथे अर्ज घेतला. अर्जात झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा राज्याचा कायदा आहे त्याचा उल्लेख केला होता, नकाशाची प्रिंट आणि झाडाचे दोन फोटो जोडले होते. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका, त्याशिवाय नंतर काही विचारताच येत नाही. खर्च झेरॉक्स आणि प्रिंटचे ३४ रुपये आणि दोन अर्ध्या रजा.

दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी. योगायोगाने जगभरातले पक्षी बघणारे ज्या एका दिवशी याद्या पाठवतात तो ऑक्टोबर बिग डे पण त्याच दिवशी होता, म्हणून मी रविवारची वाट न बघता शनिवारीच गेले. आईंनी आदल्या रात्री सांगून ठेवलेलं, दसऱ्याला चास दिसला की वर्ष चांगलं जातं, बघून ये. साताऱ्याकडे त्यांच्या लहानपणी तारेवर बसलेला असायचा, त्याला नीळकंठ पण म्हणतात, उडाला की पंखातला निळा रंग दिसतो. मी सव्वासहापासून साडेआठपर्यंत फिरले, माळाच्या बाजूला, खाणीवर, विजेच्या तारांखाली. चास दिसला नाही. बाकी एकोणीस पक्षी दिसले, तोपर्यंतची माझी सगळ्यात मोठी यादी. वेडे राघू रांगेत बसले होते, वंचक बगळ्याचा पावसाळ्यातला तांबूस थाट उतरून तो परत मातकट झाला होता, आणि मोर तर ओळखूच येईना, पिसारा गळून नुसती आखूड शेपटी, लांडोर आहे की मोर ते निळ्या मानेवरून कळलं.

मग परतीच्या वाटेवर आपट्यापाशी आले. हात पोचेल तिथपर्यंत एक पान नव्हतं. लोक आदल्या संध्याकाळीच येऊन गेले असणार. एक फांदी पूर्ण मोडून सालीवर लोंबत होती आणि साल खाली खोडापर्यंत सोललेली, आत पांढरं ओलं लाकूड. वाटेवर पानं पडलेली, नेताना सांडलेली. मी तिथे बसले. मला कुणाचा राग यायला हवा होता पण आठवत होतं ते एवढंच की मी स्वतः इतकी वर्षं मंडईतून जुडी आणलीय, ती कुठून येते हे एकदाही मनात आलं नाही. त्यातही बऱ्याच जुड्यांमध्ये आपट्याऐवजी कांचनाची पानं असतात, तसंच जोड दिसणारं पण मोठं पान.

नोंद कशी करायची हा प्रश्न होता. मागच्या आठवड्यात जून पानं "भरपूर", आता "थोडी". नुसतं एवढं लिहिलं तर उद्या कुणी वही बघून म्हणेल की आपट्याची पानगळ ऑक्टोबरात होते, आणि ते खोटं आहे, आपट्याची पानं खरी गळतात ती थंडी सरता सरता. रकाना तर तेवढाच होता. शेवटी बाजूला लिहिलं: "हाताने तोडलेली. झाडाने सोडलेली नाहीत." त्या संध्याकाळी आम्ही घरी सोनं म्हणून सांडलेल्या पानांपैकी मी उचलून आणलेली सात पानं वापरली. आईंना चास नाही दिसला हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही तर नाही. लिहिलंस ना?"

१५ ऑक्टोबरला मान्सून देशातून परतल्याचं हवामान खात्याने सांगितलं आणि मग खरी ऑक्टोबर हीट सुरू झाली. नऊनंतर वर थांबवत नाही, पाण्याची बाटली लिटरची लागते. पण हाच तो शरद, आश्विन-कार्तिक. २० तारखेला गवताचा रंग बदलायला लागलेला, खालून पिवळा, शेंड्याला तांबूस, आणि कुसळी गवताची कुसळं सलवारीत घुसून पोटरीपर्यंत टोचत होती. ह्या दिवसांत जाड कापडाची पॅन्ट घाला आणि मोजे पॅन्टच्या बाहेरून वर ओढा, मी घरी येऊन अर्धा तास कुसळं काढत बसायचे. वाटेवर मोठ्या कोळ्यांची जाळी, पायांचे दोन-दोन जोडून फुली काढल्यासारखा बसलेला कोळी आणि जाळ्यात नागमोडी पांढरा धागा. २७ ला सातवीण उमलली. त्याआधीचे पाच आठवडे मी "फुलं: नाही" लिहिलं होतं, त्यामुळे त्या दिवशी "थोडी" लिहिताना हात जरा थांबला. खाली पडलेला एक गुच्छ आईंना नेला, त्यांनी नाकाशी धरला आणि तो उग्र वास घरभर दोन दिवस होता. नवऱ्याचं डोकं दुखलं.

दुर्बीण मी ऑक्टोबरच्या शेवटी घेतली, तोपर्यंत शेजारच्यांची मागून नेत होते. ८×४२ ची, ६,८०० रुपयांना. आठ पट मोठं दिसतं आणि हात स्थिर राहतो, दहा पटीची हातात घेऊन बघितली तर माझ्या हातात चित्र थरथरत होतं. पक्ष्यांचं मराठी पुस्तक ४५०, वही ६०. कॅमेरा लागला नाही. खरं तर सुरुवात वही आणि पेनावर होते, दुर्बीण दोन महिन्यांनी घेतली तरी चालतं.

३ नोव्हेंबरला भाऊबीज होती, भावाकडे चिंचवडला गेले. म्हणून सोमवारी ऑफिसच्या आधी जाऊन नोंद केली. आठवड्यातला कुठलाही दिवस चालतो, वार चुकला म्हणून सोडून देऊ नका. फटाक्यांचा धूर अजून खाली शहरावर साचलेला दिसत होता, वर मात्र थिरथिऱ्या आला होता, दगडावर बसून शेपूट थरथरवत. पुढच्या दोन आठवड्यांत फार काही घडलं नाही, बहाव्याच्या हिरव्या शेंगा हळूहळू काळ्या पडत होत्या, चिंचेला कोवळे आकडे धरलेले, आणि संध्याकाळी एकदा गेले तर भोरड्यांचा थवा आभाळात एकदम वळून दिसेनासा झाला.

२४ नोव्हेंबरला कानटोपी घालावी लागली. आपट्याकडे आता मी जरा नाराजीनेच जात होते, सहा आठवडे तेच लिहीत होते, कोवळी पानं: नाही, कोवळी पानं: नाही. लोंबणारी फांदी वाळून गेली होती. त्या दिवशी दुर्बिणीतून नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसलं, पानं ओरबाडलेल्या दोन काटक्यांवर तांबूस, मिटलेली, तांदळाच्या दाण्याएवढी टोकं. कोंब होते की नुसत्या गाठी ते कळेना म्हणून त्या दिवशी पण "नाही" लिहिलं. १ डिसेंबरला ती उघडलेली. जोडपान, आपट्याचंच, नखाएवढं. कोवळी पानं: थोडी. काकांना बोलावून दाखवलं, ते चष्मा काढून वाकून बघत राहिले. घरी फोनवर फोटो मोठा करून आईंना दाखवला.

अर्जाचं काय झालं तेही सांगते. २८ नोव्हेंबरला कार्यालयातून फोन आला, निवडणुकीच्या कामात सगळे होते त्यामुळे राहिलं, पुढच्या वर्षी लवकर द्या म्हणाले. फोन करणारा माणूस चांगला बोलला, फलकाचा मजकूर काय हवा तेही विचारून लिहून घेतलं. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणून मी अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच टाकायचं ठरवलं. तुमच्या भागातल्या आपट्यासाठी कुणाला तो मजकूर हवा असेल तर सांगा, पाठवते. आणि सावर आता पानं सोडायला लागलीय, त्यामुळे बारावर थांबायचं म्हटलं होतं तरी ८ तारखेला जायला लागणार.